आवाज कुणाचा, ब्लेड कुणाचं?

एकांकिका स्पर्धेला कधी गेला असाल तर हे तुम्हाला ठाऊक आहे. पडदा उघडायच्या आधी मागच्या रांगांतली पोरं घसा फाडून ओरडतात, ‘अरे, आवाज कुणाचा?’ आणि लगेच दुसरी टोळी आपल्या कॉलेजचं नाव थिएटरच्या छपरावर आपटते. मीही ओरडलोय. दोन वर्षं ओरडलो. तिसऱ्या वर्षी मला साउंडच्या टेबलामागं बसवण्यात आलं, कारण माझ्या तोंडात ‘ण’ बसत नव्हता. ज्याची जीभ शुद्ध नाही त्यानं बटणं दाबावीत, ही आपल्या प्रायोगिक रंगभूमीची न लिहिलेली वर्णव्यवस्था. मी तक्रार केली नाही. टेबलामागं अंधार असतो आणि अंधारात माणूस ऐकायला शिकतो.

या अंकाचं संपादकीय मी नाटकासाठी टेपवर बांधलेल्या संगीतावर लिहितोय. काही दोस्त खवळतील. म्हणतील, बाहेर माणसं मरतायत आणि हा टेपच्या गोष्टी सांगतोय. सांगतो. कारण मेलेल्या माणसाचाच हा मामला आहे, आणि त्यात मी आरोपी आहे.

काही वर्षांपूर्वी एका ग्रुपनं गटारात गुदमरून मेलेल्या कामगारावर दीर्घांक करायला घेतला. ग्रुपचं नाव लिहीत नाही. दोष त्यांच्याइतकाच माझा. दिग्दर्शक मला म्हणाला, ‘गाणं नको, पेटी-तबला नको, रडकं व्हायोलिन तर बिलकूल नको. मला टेप म्युझिक पाहिजे. खरा आवाज घे आणि त्याचं काहीतरी कर.’ मी खूश. खरा आवाज माझ्या चाळीतच होता. शेजारच्या मावशीचा थोरला असाच गेला होता. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा कागदावर, पोरगा खाली.

मी मोबाइल घेऊन मावशीकडं गेलो. म्हणालो, नाटकासाठी तुझं बोलणं पाहिजे. तिनं चहा टाकला आणि सव्वा तास बोलली. वर दोरी धरून उभ्या असलेल्या जोडीदारानं तिला जे सांगितलं होतं तेही बोलली. खालून पोरगा म्हणाला होता, ‘वर ओढा.’

घरी येऊन मी त्या सव्वा तासातून तेवढे दोन शब्द कापले. सव्वा सेकंद. त्यांची लूप केली, म्हणजे शेपूट तोंडाला जोडलं. ते गोल फिरायला लागले. मग तीच लूप दुसऱ्या बाजूच्या स्पीकरला दिली आणि तिचा वेग केसभर कमी केला. दोन आवाज आधी एकत्र, मग एकमेकांपासून सरकत सरकत लांब. दोन-तीन मिनिटांत शब्द विरघळले. ‘र’चा खरखराट उरला, ‘ढा’चा ठोका उरला. कप्पी फिरल्यासारखं वाटे, धाप लागल्यासारखं वाटे. मी त्याला घुमारा लावला. सहा मिनिटं.

पहिल्या प्रयोगाला टाळ्या पडल्या. एक जाणकार बाई टेबलापाशी येऊन म्हणाल्या, ‘काय टेक्श्चर आहे!’ मी फुगलो. साला, ज्यांनी माझा ‘ण’ हसण्यावारी नेला तेच आज माझा हात हातात घेत होते.

दुसऱ्या प्रयोगाला मावशी आली. संपल्यावर बाहेर पायरीवर चपला शोधत होती. मी विचारलं, ‘मावशी, कसं वाटलं?’ तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, ‘त्यो एकदाच म्हणला होता रं. तू किती येळा म्हणायला लावलंस त्याला?’

घरी येऊन मी हिशोब केला. सहा मिनिटांचे सेकंद, भागिले सव्वा. एका स्पीकरमधूनच दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा.

दोस्तांनो, त्यानंतर बरेच दिवस मी टेबलाला हात लावला नाही. मात्र शोधत राहिलो. हे माझ्या आधी कुणी केलं, कसं केलं, आणि ज्याचा आवाज होता त्याचं पुढं काय झालं? त्या शोधात जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो. आपल्याकडं ‘प्रायोगिक’ हा शब्द दिवसातून दहादा वापरतात आणि प्रयोग कशाचा, कुणावर, हे कुणी विचारत नाही.

टेप काही कलेच्या पोटी जन्मली नाही. चुंबकी फितीवर आवाज पकडणारं मॅग्नेटोफोन हे यंत्र जर्मनीतल्या एईजी कंपनीनं १९३५ मध्ये लोकांपुढं मांडलं. पुढं हिटलरच्या रेडिओनं ते वापरलं. युद्ध संपल्यावर जॅक मुलिन नावाचा अमेरिकी लष्करातला माणूस अशी दोन यंत्रं आणि पन्नास रिळं मायदेशी घेऊन गेला आणि १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत इंजिनिअर मंडळींपुढं त्यानं ती वाजवून दाखवली. दोन वर्षांत अँपेक्स कंपनीनं त्याच भागात तशी यंत्रं बनवून विकायला काढली. तिकडं पॅरिसच्या रेडिओत १९४८ मध्येच पिएर शेफेर आगगाडीचे आवाज तबकड्यांवर पकडून त्यांची रचना बांधत होता. वाद्याशिवाय, गाणाऱ्याशिवाय, नुसत्या जगातल्या आवाजांचं संगीत. काही वर्षांत त्याच्याही हातात टेप आली.

तबकडीवर आवाज पकडता येत होता. टेपनं तो कापता यायला लागला. सगळा फरक इथं आहे.

स्टुडिओतली फीत पाव इंच रुंद. यंत्रातून सेकंदाला पंधरा इंच पळते. म्हणजे एक सेकंद पंधरा इंचांचा, अर्धा सेकंद साडेसात इंचांचा. वेळ फूटपट्टीनं मोजता येतो. पाहिजे तिथं पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं कापायचं, चिकटपट्टीनं जोडायचं. काटकोनात कापलं तर आवाज दणकन सुरू होतो. तिरकं कापलं तर एक आवाज दुसऱ्यात मिसळत जातो. फीत उलटी लावली की घंटेचा घुमारा आधी येतो आणि टोला शेवटी. वेग दुप्पट केला की स्वर एक सप्तक वर चढतो आणि वेळ निम्मा होतो. दोन यंत्रं पाच फुटांवर ठेवून एकच फीत दोन्हींतून साडेसात इंचांच्या वेगानं ओढली, तर पहिल्या यंत्रापाशी बोललेलं दुसऱ्यातून आठ सेकंदांनी ऐकू येतं. एवढीच विद्या. याला घराणं लागत नाही, गंडा बांधावा लागत नाही, कुणाच्या दिवाणखान्यात तंबोरा धरून बारा वर्षं बसावं लागत नाही. कान लागतो आणि बूड टेकून बसायची तयारी.

नाटकवाल्यांनी यात काय बघितलं? सॅन फ्रान्सिस्कोचंच उदाहरण घेतो, कारण ते माझ्या प्रश्नाच्या जवळ जातं. तिथं ॲक्टर्स वर्कशॉप नावाची नाटकमंडळी होती. १९५७ मध्ये बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ सान क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांपुढं करून आलेली. ज्या नाटकानं सुशिक्षित प्रेक्षक जांभया देत ते कैद्यांना बरोबर पोचलं. वाट बघणं म्हणजे काय हे कैद्याला कुणी समजावून सांगायची गरज नसते. याच मंडळीनं १९६१ मध्ये ‘किंग लियर’ केलं. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ. आवाजाचं काम मॉर्टन सबॉटनिक या तरुण संगीतकाराकडं. वादळाच्या प्रवेशासाठी पत्रा वाजवून गडगडाट करायची नाटकातली जुनी रीत आहे. सबॉटनिकनं लियर करणाऱ्या नटाचा आवाज टेपवर घेतला आणि त्या आवाजातून वादळ बांधलं. म्हणजे राजाला झोडपणारा पाऊस राजाच्याच गळ्यातला. टेपचं नाटकातलं खरं काम हे आहे. माणूस समोर उभा आहे आणि त्याच्या आतलं काहीतरी चारी बाजूंनी त्याच्यावर चाल करून येतं. ‘बॅकग्राउंड’ हा शब्द इथं लागू पडत नाही.

१९६२ मध्ये सबॉटनिक आणि रेमन सेंडर यांनी टेप म्युझिक सेंटर उभं केलं. पॉलिन ऑलिव्हेरोस त्यांच्यासोबत. १९६३ पासून डिव्हिसाडेरो स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत नाचणारे, रेडिओवाले आणि हे टेपवाले एकत्र नांदत होते. सरकारी मेहेरबानी नाही, यंत्रं उसनी-पासनी. ऑलिव्हेरोसनं १९६५ मध्ये केलेलं ‘बाय बाय बटरफ्लाय’ ऐका. दोन ऑसिलेटर, दोन टेपयंत्रं, एक रेकॉर्ड प्लेअर आणि पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेराची हाताला लागलेली तबकडी. एवढ्या सामानावर आठ मिनिटं. त्या ऑपेरात गोऱ्या साहेबापायी जपानी बाई जीव देते आणि जगभरचे भद्र लोक रुमाल ओले करतात. ऑलिव्हेरोस त्या बाईच्या गाण्यावर किंचाळणाऱ्या विजेचे सूर सोडते आणि गाणं लाटेखाली जातं. एकोणिसाव्या शतकाच्या संगीताला आणि त्यातल्या बाईवरच्या जुलमाला हा रामराम आहे, असं तिनंच पुढं सांगितलं. ब्लेड बाईच्या हातात गेलं की काय कापलं जातं बघा.

आता तो माणूस, ज्याच्यामुळं मला माझी लूप नीट ऐकू आली. स्टीव्ह राइख. विशीतला गोरा संगीतकार. पोटासाठी सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवायचा. टॅक्सीत टेपयंत्र ठेवून गिऱ्हाइकांचे, रस्त्याचे आवाज पकडायचा. सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप या बंडखोर नाटकमंडळीच्या नाटकांना संगीत द्यायचा. ही मंडळी बागेत फुकट नाटकं करायची. परवानगी नाही म्हणून १९६५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांचा प्रमुख आर. जी. डेव्हिस याला बागेतून उचललं. त्याच वर्षी त्यांनी गोऱ्यांच्या जुन्या ‘मिन्स्ट्रेल’ तमाशाचं सोंग घेऊन त्या तमाशाचीच चिरफाड केली. काळे आणि गोरे नट मिसळून, सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलेलं. कोण कोणाच्या कातडीआडून बोलतोय हे प्रेक्षकाला कळू नये आणि त्याची चुळबुळ व्हावी, हाच डाव. त्याचं संगीत राइखचं.

राइखनं १९६४ मध्ये युनियन स्क्वेअरमध्ये एका काळ्या रस्त्यावरच्या प्रवचनकाराचा आवाज टेप केला. ब्रदर वॉल्टर. तो नोहाच्या महापुराबद्दल गर्जत होता. राइखनं त्यातल्या एका वाक्याच्या दोन सारख्या लूप केल्या आणि दोन स्वस्त यंत्रांवर एकदम सोडल्या. यंत्रांचा वेग अगदी सारखा नव्हता. एक लूप हळूहळू पुढं सरकली. त्याला जे करायचं होतं ते बिघडलं आणि बिघडलेलं जास्त चांगलं निघालं. ‘इट्स गॉना रेन’, १९६५. मी माझ्या लॅपटॉपवर जे ‘शोधलं’ म्हणून फुशारलो होतो, ते याच्याआधी पन्नास वर्षं झालेलं होतं.

पुढच्या वर्षीचं काम तर माझ्या मावशीच्या दारातच येऊन उभं राहतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६४ च्या एप्रिलात एका फळवाल्याच्या दुकानापाशी गडबड झाली आणि पोलिसांनी काळ्या पोरांना पकडून चौकीत नेऊन बडवलं. त्यात डॅनियल हॅम होता. अठरा-एकोणीस वर्षांचा. ज्याच्या अंगावर रक्त दिसेल त्यालाच दवाखान्यात नेणार असा पोलिसांचा खाक्या. हॅमचा मार आतल्या आत साकळलेला. म्हणून त्यानं सुजलेली जखम स्वतःच्या हातानं फोडली, आतलं रक्त बाहेर काढलं आणि त्यांना दाखवलं. पुन्हा वाचा. मार खाल्ल्याचा पुरावा म्हणून स्वतःची जखम फोडणं. आपल्यातल्या कुणाला हे परदेशातलं वाटत असेल तर त्यानं हात वर करावा.

काही दिवसांनी हार्लेममध्ये एका दुकानदार बाईचा खून झाला. सहा पोरांना त्यात गोवलं आणि जन्मठेपा ठोकल्या. त्यात हॅम. ही ‘हार्लेम सिक्स’. जेम्स बाल्डविननं १९६६ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा हार्लेमला त्यानं शत्रूनं व्यापलेला मुलूख म्हटलं. पोरांचा खटला पुन्हा चालवावा, त्यांना आपल्या पसंतीचे वकील मिळावेत, म्हणून ट्रुमन नेल्सन या लेखकानं १९६६ च्या एप्रिलात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मदतीचा कार्यक्रम ठेवला. पोरांच्या आणि त्यांच्या आयांच्या मुलाखतींच्या टेपा त्याच्याकडं होत्या. त्यानं त्या राइखला दिल्या आणि कार्यक्रमासाठी त्यांतून प्रसंग उभा करणारी टेप जोडून दे म्हणाला. राइख म्हणाला, देतो, पण याच टेपांतून मला माझी स्वतःची एक रचना करू दे.

ती रचना म्हणजे ‘कम आउट’. साधारण तेरा मिनिटं. हॅम आपल्या तोंडानं ती जखम फोडल्याची हकीकत एका वाक्यात सांगतो. मग त्या वाक्याचं शेपूट, रक्त बाहेर येऊन त्यांना दिसावं एवढ्याच अर्थाचे चार-पाच शब्द, दोन लूपवर फिरायला लागतात. दोन सरकतात. दोनाचे चार होतात, चाराचे आठ. शब्द जातो, अर्थ जातो, शेवटी घोंगावणारा झुंडीसारखा आवाज उरतो. टाउन हॉलमध्ये हे वाजत असताना मदतीसाठी टोपी फिरत होती.

आता इथं जरा बसू.

एका बाजूनं बोलायचं तर हे भयंकर आहे. काळ्या पोराची जखम, गोऱ्या माणसाचं ब्लेड. रक्ताचं संगीत झालं. १९६७ मध्ये ते मोठ्या कंपनीच्या तबकडीवर आलं, नव्या संगीताचा नमुना म्हणून जगभर वाजायला लागलं. पोरं तेव्हा गजाआड होती. १९६८ मध्ये वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केल्या तरी सगळ्यांना मोकळं व्हायला आणखी कैक वर्षं गेली. संगीताच्या इतिहासात ती तेरा मिनिटं राइखच्या नावावर आहेत. ज्यानं जखम फोडली तो ‘मटेरिअल’.

दुसऱ्या बाजूनं बोलायचं तर मला ते टाकवत नाही. गरिबाला जखम एकदा दाखवून भागतं का? चौकीत दाखवा, दवाखान्यात दाखवा, कोर्टात दाखवा, पत्रकाराला दाखवा, मोर्चात दाखवा. प्रत्येक टेबलावर पुन्हा पहिल्यापासून. आणि दहाव्या टेबलापर्यंत ऐकणाऱ्याच्या कानात तिचा नुसता कलकलाट झालेला असतो. ‘कम आउट’ नेमकं हेच करतं. ऐकणाऱ्याला त्या दहाव्या टेबलामागं बसवतं आणि म्हणतं, बघ, तुझ्या कानाचं काय झालंय.

मी ते वीस-पंचवीस वेळा ऐकलं. मग एक गोष्ट टोचली. शब्द फिरायला लागण्याआधी हॅमचं अख्खं वाक्य येतं. सरळ, न कापलेलं, स्वच्छ. तेही एकदा नाही, तीनदा. त्यानं काय केलं आणि का केलं हे तुम्हाला आधी कळतं. नंतर शब्द विरघळायला लागले की काय हरवतंय हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून हरवणं टोचतं. माझ्या लूपमध्ये ते नव्हतं. मी पहिल्या सेकंदापासून फिरवायला सुरुवात केली होती. प्रेक्षकाला तो कोण, कुणाला म्हणतोय, वर कोण उभं आहे, काहीच कळायची सोय नाही. ज्याला मूळ वाक्य ठाऊक नाही त्याला ते विरघळलेलंही कळत नाही. त्याला टेक्श्चरच ऐकू येणार. बाईंचं काही चुकलं नव्हतं. मीच त्यांना टेक्श्चर वाढलं होतं.

दुसरी गोष्ट ती टोपी. टाउन हॉलमध्ये ऐकणाऱ्याच्या हातात टोपी आली आणि त्याला खिशात हात घालावा लागला. आवाज कुठल्या कामाला लावलाय हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. तबकडीला टोपी नसते. आमच्या प्रयोगालाही नव्हती. तिकिटाचा पैसा हॉलच्या भाड्यात गेला.

म्हणून माझं म्हणणं असं. टेपवर कापलेला आवाज चांगला की वाईट हे नुसत्या फितीवरून ठरत नाही. ऐकणाऱ्याला आधी पुरतं वाक्य मिळालं का, आणि ते कुणासाठी वाजतंय हे खोलीत उघड आहे का, यावर ते ठरतं. ‘कम आउट’ त्या पहिल्या वीसेक सेकंदांवर आणि त्या टोपीवर उभं आहे. ते काढून घ्या, राहते ती चोरी.

एक योगायोगही सांगतो. १९६६ मध्येच टेप म्युझिक सेंटर रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा घेऊन खाडीपलीकडं ओकलंडच्या मिल्स कॉलेजात गेलं. त्याच ओकलंडमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिचं नाव १९७२ मध्ये आपल्या मुंबईत आलं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोघांचं एकमेकांशी काही साटंलोटं होतं असं मी म्हणत नाही. पण एकाच गावात एकीकडं आवाज कापायची यंत्रं आणि दुसरीकडं आवाज उठवणारी माणसं, आणि आपल्यापर्यंत पोचलं ते एकच. यंत्रं आली नाहीत.

आली नाहीत असंही नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर आणि टेपयंत्रं आली. अमेरिकेतला डेव्हिड ट्यूडर ती बसवायला आला होता, गीता साराभाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. तिथं चार-पाच जणांनी पुढची तीनेक वर्षं खरोखर चांगलं काम केलं. मग यंत्र बंद. टेपा कपाटात. त्या जगाला ऐकायला मिळाल्या २०२३ मध्ये. संस्थेच्या फाटकाआत आलेला आवाज अर्धशतक फाटकाआतच राहिला. कामगारांच्या त्या शहरातल्या चाळींना आपल्या गावात असलं यंत्र आहे याचा पत्ता असेल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडं आली ती कॅसेट. तिनं वस्तीचा आवाज वस्तीत फिरवला. जयंतीचा मंडप, रिक्षा, हळदीचा मांडव, सगळीकडं शाहिरांची गाणी. कुणी विकली आणि गाणाऱ्याच्या हातात काय पडलं, तो हिशोब वेगळा मांडावा लागेल. पण आपण त्या फितीवर गायलो, बोललो, भाषणं भरून ठेवली. कापायला मात्र शिकलो नाही. कापणं म्हणजे इंग्रजी शिकलेल्यांचा खेळ, असं आपणच ठरवून टाकलं. आज ब्लेडही लागत नाही. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, फोन खिशात आहे. कमी पडतंय ते यंत्र नव्हे.

मी मावशीकडं परत गेलो. या वेळी लॅपटॉप घेऊन. तिच्या कानाला हेडफोन लावला आणि तिचा सव्वा तास तिला ऐकवला. पुरता. मध्येच ती उठली, तांदूळ निवडायला घेतले, पण हेडफोन काढला नाही. मग मी तिला दाखवलं, इथं खूण, इथं कापायचं, इथं जोडायचं. तिनं बोटानं पडद्यावरच्या रेघा बघितल्या. ‘हे माझं बोलणं व्हय? डोंगरावानी दिसतंय.’ मी विचारलं, यातलं काय ठेवू? मला वाटलं ती रडण्याचा भाग सांगेल. तिनं सांगितलं, त्या दिवशी सकाळी त्यानं घड्याळ काढून फळीवर ठेवलं, तेवढं ठेव. जोडीदार काय म्हणाला ते ठेव. मग म्हणाली, ‘तुझं ते फिरवायचं ते फिरव. पण आधी सरळ ऐकव. आन् त्याचं नाव घे.’

तिसऱ्या प्रयोगासाठी मी सगळं नव्यानं बांधलं. सुरुवातीला अंधार आणि मावशीचा आवाज, दोन मिनिटं, एकही काप नाही. त्यात घड्याळ. त्यात पोराचं नाव. त्यात ‘वर ओढा’, एकदा. मग अकरा सेकंद काहीच नाही. त्यानंतर लूप येते, पण ती त्याच्या शब्दांची नाही. मॅनहोलच्या लोखंडी कडेवर दोरी घासली की जो आवाज होतो तो मी जाऊन पकडून आणला. ती दोरी फिरते. दोन दोऱ्या होतात, चार होतात, सरकतात, शेवटपर्यंत घासत राहतात. कारण पुन्हा पुन्हा जे होतंय ते दोरीचं होतंय. आज इथं, उद्या तिथं. तो एकदाच म्हणाला आणि एकदाच मेला. दाराशी डबा ठेवला, त्यातले पैसे मावशीच्या कोर्टाच्या फेऱ्यांसाठी.

त्या जाणकार बाई पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, ‘आधीचं जास्त ॲब्स्ट्रॅक्ट होतं.’ बरोबर आहे. होतं.

मावशी आली नाही. तिची झाडलोटीची पाळी होती. धाकट्याला पाठवलं होतं, नाव घेतात का ते बघून ये म्हणून. ते नाव मी इथं छापत नाही. प्रयोगात घ्यायला तिनं सांगितलंय, अंकात छापायचं मी तिला विचारलेलं नाही.

हे सगळं निकाली निघालं असं समजू नका. दोरीच्या लूपमधही मजा वाटते, हे मला टेबलामागून दिसतं. लोकांच्या माना हलतात. संगीत म्हटलं की मान हलणारच, आणि मान हलली की माणूस थोडा विसरणारच. तो धोका टेपमध्ये आहे, ढोलकीत आहे, आपल्या घोषणांतही आहे. म्हणून संगीत सोडायचं का? मी सोडणार नाही. पण यापुढं आमच्याकडं नाटक घेऊन, टेप घेऊन, वस्तीतले ‘खरे आवाज’ घेऊन जो येईल, मग तो सदाशिव पेठेतला असो की आपल्याच गल्लीतला, त्याला आम्ही विचारू. ज्याचा आवाज घेतलास त्यानं तो कापलेला ऐकला का? त्याचं नाव कुठं आहे? डबा कुठं आहे? उत्तर नसेल तर परत जा, विचारून ये. आम्ही थांबतो.

आणि ज्यांना टेबलामागं बसवलंय त्या माझ्या भावंडांना एक सांगणं. ते टेबल शिक्षा म्हणून मिळालं असेल, पण तिथं ब्लेड असतं. ते वापरायला शिका. दुसऱ्याच्या घरी जाण्याआधी आपल्या आईसमोर फोन ठेवा, बटण दाबा आणि ती थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. कापायचं ते नंतर, तिला विचारून.